हिवाळ्यातला घोडा आणि चंदीचा हिशेब

मोटार उभी करून ठेवली म्हणजे तिला इंधन लागत नाही. घोडा उभा करून ठेवला तरी त्याला दाणावैरण घालावीच लागते. उत्पादनाचे साधन म्हणून यंत्र आणि जनावर यांच्यात जे अनेक भेद आहेत, त्यांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा होय. यंत्राचा चालू खर्च कामाबरोबर वाढतो व कामाबरोबर थांबतो. जनावराच्या खर्चाचा फार मोठा भाग मात्र, काम असो वा नसो, दिवसागणिक चालूच राहतो. ज्या प्रदेशांत हिवाळा कडक असतो तेथे हा भेद अधिकच जाचक ठरतो. त्या चार-पाच महिन्यांत रानात चरायला फारसे काही उरत नाही, दिवस लहान झाल्यामुळे कामाचे तास घटतात, वाटा निसरड्या होतात. आणि नेमक्या त्याच काळात शरीराची ऊब टिकविण्यासाठी घोड्याला नेहमीपेक्षा अधिक खाद्य लागते. उत्पन्न घटते तेव्हाच खर्च वाढतो.

शेती, वाहतूक, टपाल आणि युद्ध हे सारे व्यवहार ज्यांनी शतकानुशतके घोड्याच्या बळावर चालविले, त्या समाजांना हा हिशेब ठाऊक नव्हता असे नाही. तरीही तो पुनःपुन्हा चुकला, आणि चुकला तेव्हा इतिहासाने बहुधा थंडीला दोष दिला. वस्तुतः थंडी ही अनपेक्षित आपत्ती नव्हे. तिची तीव्रता कमीअधिक होईल, पण ती दर वर्षी ठरलेल्या सुमारास येते. घोडा हिवाळ्यात मरतो. त्याच्या मरणाची कारणे मात्र पुष्कळदा आधीच्या उन्हाळ्यात आणि शरदात शोधावी लागतात.

थंडी नव्हे, काम

घोडा हा मुळात थंडी सोसणारा प्राणी आहे. अंग कोरडे असेल, वाऱ्यापासून थोडाफार आडोसा असेल आणि पोटाला पुरेसे गवत असेल, तर अंगावर हिवाळी लोकर आलेला प्रौढ घोडा उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी फारसा त्रास न होता सोसू शकतो. ही लोकर थंडी पडल्यावर उगवते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात दिवस लहान होऊ लागले की तिची वाढ सुरू होते. म्हणजे निसर्गानेही आपली तयारी थंडीच्या आधीच योजलेली असते. वाळलेले गवत घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबत असताना जी उष्णता निर्माण होते, तीच त्याची शेगडी. म्हणून कडाका वाढला की अनुभवी माणूस धान्याची चंदी वाढविण्याआधी वाळल्या गवताचा भारा वाढवतो. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला नुसते उभे राहण्यासाठीही रोज ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते. कष्टाचे काम घ्यायचे असेल तर चंदी त्यावर वेगळी.

खरा धोका उत्पन्न होतो तो कामामुळे. घोड्याला कातडीतून भरपूर घाम येतो. दाट लोकर घामाने भिजते, काम थांबते, आणि आतापर्यंत ऊब धरून ठेवणारी तीच लोकर ओली झाल्यामुळे ऊब घालवू लागते. यासाठी कामाचा शेवटचा टप्पा घोडा सावकाश चालवीत आणावा, गवताच्या बोळ्याने अंग पुसावे, खरारा करावा आणि अंग सुकेपर्यंत झूल घालावी, असा दंडक घोडा बाळगणाऱ्या थंड देशांत पडला. काम रोजचे आणि जड असेल तर युरोपात घोड्याची हिवाळी लोकर भादरून टाकण्याची पद्धत आहे. भादरलेल्या घोड्याला घाम कमी येतो व तो लवकर सुकतो. पण उभा असताना तो उघडा पडतो. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. आपल्या कामासाठी मालकाने जनावराचे नैसर्गिक पांघरूण काढून घेतलेले असते. त्यानंतर त्याच्या पाठीवर घातलेली झूल ही भूतदया राहत नाही. ते मालकाचे देणे होते.

अशी देणी आणखीही आहेत. घोड्याला दिवसाकाठी २५ ते ४० लिटर पाणी लागते. परंतु बर्फगार पाणी तो पुरेसे पीत नाही, आणि कोरडे गवत व कमी पाणी यांचा मेळ पडला की पोटशूळ उठून तो दगावू शकतो. म्हणून पाण्यावरचा बर्फ फोडणे, शक्य तर पाणी कोमट करणे, हे रोजचे काम ठरते. नालेच्या पोकळीत बर्फ साचून त्याचे गोळे बनतात. ते खरवडून काढावे लागतात. लगामाची लोखंडी कडी तोंडात घालण्यापूर्वी हातात धरून तिची गारठ घालवावी लागते. गुळगुळीत नाल बर्फावर टिकत नाही, म्हणून तिला अणकुचीदार खिळे बसवावे लागतात. यांतील कोणतीही गोष्ट एकेकटी फार महाग नाही. सर्व मिळून मात्र माणसाचे पुष्कळ तास, पुष्कळ साठवण आणि मुख्य म्हणजे पुष्कळ दूरदृष्टी त्यांना लागते.

खिळ्यांवाचून गेलेले सैन्य

या दूरदृष्टीची किंमत काय, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नेपोलियनची १८१२ची रशियावरील स्वारी. 'रशियाच्या हिवाळ्याने नेपोलियनचा पराभव केला' हे वाक्य शाळकरी पुस्तकांतूनही आढळते. घोड्यांपुरते पाहिले तर ते अर्धसत्य आहे. २४ जून १८१२ रोजी फ्रेंच सैन्याने नीमेन नदी ओलांडली तेव्हा स्वारी, तोफा व सामानाच्या गाड्या मिळून दीड लाखाहून अधिक घोडे त्याच्याबरोबर होते. त्यांना पुरेल इतकी चंदी बरोबर नेणे शक्य नव्हते. चारा वाटेत मिळेल असे गृहीत धरले होते. वाटेत मिळाली ती शेतातली हिरवी, न पिकलेली राय. ती खाऊन आणि जूनअखेरच्या मुसळधार थंड पावसात सापडून पहिल्या काही दिवसांतच सुमारे दहा हजार घोडे मेले. हा ऐन उन्हाळा होता. मॉस्कोला पोहोचेपर्यंत घोडदळाची स्थिती शोचनीय झाली होती, आणि तोवर हिमाचा एक कणही पडला नव्हता.

१९ ऑक्टोबर रोजी परतीचा प्रवास सुरू झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ आणि गोठण आली, आणि घोडे साध्या चढावरही घसरून पडू लागले. पडलेल्या उपाशी घोड्याला उठण्याची शक्ती नव्हती. तोफा ओढायला घोडे नाहीत म्हणून तोफा टाकाव्या लागल्या, गाड्या टाकाव्या लागल्या, आणि गाड्यांबरोबर अन्न व जखमी माणसेही मागे राहिली. या विध्वंसात एक लहानसा अपवाद होता. सम्राटाच्या खाशा पागेचा अधिकारी कोलँकूर हा १८०७ ते १८११ या काळात रशियात फ्रान्सचा राजदूत होता; तेथील हिवाळे त्याने पाहिले होते. त्याने आपल्या ताब्यातील घोड्यांना बर्फावर चालणारे नाल वेळेवर बसवून घेतले, आणि ते घोडे पुष्कळ अंशी तगले. त्याने आपल्या आठवणींत या एका गोष्टीच्या अभावाला सैन्याच्या हानीचे मोठे कारण मानले आहे. थंडी दोघांनाही सारखीच होती. फरक होता तो काही खिळ्यांचा, आणि ते बसविण्यासाठी योग्य वेळी काढलेल्या काही दिवसांचा.

या हानीची किंमत पुढच्या वर्षी कळली. १८१३ साली नेपोलियनने नवे पायदळ उभे केले, नव्या तोफा ओतल्या. परंतु घोडा कारखान्यात ओतता येत नाही. घोडी फळल्यापासून कामाचा घोडा तयार होईपर्यंत चार-पाच वर्षे जातात. मे १८१३मध्ये ल्युत्सेन आणि बाउत्सेन येथे तो जिंकला, पण पुरेशा घोडदळाअभावी पळत्या शत्रूचा पाठलाग करता न आल्याने ते विजय निर्णायक ठरले नाहीत. साठ्यातले भांडवल एका हिवाळ्यात खाऊन टाकता येते. ते पुन्हा उभे करण्यास लागणारा काळ मात्र निसर्ग ठरवितो.

मराठी वाचकाला येथे पानिपत आठवल्याखेरीज राहणार नाही. तेथे हिम नव्हते; पण उत्तरेचा हिवाळा होता आणि वैरणीचा प्रश्न तोच होता. मराठी घोडदळाचे सामर्थ्य त्याच्या चालीत होते. घोडा हिंडता राहिला तर मुलूख त्याला पोसतो. एका जागी अडकला की आसपासचे रान थोड्याच दिवसांत संपते. १७६०च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेबांचा तळ पानिपतावर अडकून पडला. रसद पुरविण्याची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईला तोंड लागले तेव्हा माणसांबरोबर घोडेही अर्धपोटी होते. ज्या घोड्याच्या वेगावर सारी युद्धपद्धती उभारलेली, त्याच घोड्याच्या पायांतले त्राण युद्धापूर्वीच नाहीसे झाले होते.

दयेची वेळ

चारा आणि नाल यांची तरतूद नसेल तर काय होते, हे या दोन उदाहरणांतून दिसते. परंतु जनावराविषयी कळकळ असूनही हिशेब चुकू शकतो. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत हे घडले. त्यांनी ओझी ओढण्यासाठी मांचुरियातून तट्टे आणविली होती. त्यांची देखभाल घोडदळातील अधिकारी ओट्स यांच्याकडे होती. पण खरेदी त्यांच्या सल्ल्याने झालेली नव्हती, आणि तट्टे पाहताच त्यांतली अनेक वयस्क व सदोष असल्याचे त्यांनी ओळखले. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून खास पादत्राणे बनवून घेतली होती. १९११च्या आरंभी धान्याचे साठे पेरण्यासाठी आठ तट्टांसह पहिली फेरी निघाली, तेव्हा ती बहुतेक सर्व तळावरच राहिली. बरोबर असलेला एकमेव संच एका तट्टाच्या पायांत चढविताच ते सहज चालू लागले. पण तोवर उरलेले संच आणण्याची वाट बंद झाली होती. नेपोलियनच्या खिळ्यांची कथा शंभर वर्षांनी पुन्हा घडली.

मुख्य साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा बेत होता. तट्टे थकली. अशक्त झालेली तट्टे वाटेत मारून त्यांचे मांस साठ्यात ठेवावे, पण पुढे जावे, असे ओट्स यांचे मत होते. स्कॉट यांना जनावरांचे हाल पाहवेनात. त्यांनी १७ फेब्रुवारी १९११ रोजी ७९ अंश २९ कलांवरच साठा उतरविला. नियोजित जागेपासून हे स्थान सुमारे ५५ किलोमीटर अलीकडे होते. ज्यांच्यासाठी हा निर्णय झाला त्या आठ तट्टांपैकी दोनच तळावर जिवंत परतली. मार्च १९१२मध्ये ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्यांचे दोन सहकारी या साठ्याच्या दक्षिणेस अवघ्या १८ किलोमीटरांवर तंबूत मरण पावले. साठा मूळ जागी असता तर तो त्यांना त्या तंबूच्या कितीतरी आधी लागला असता. ओट्स त्याआधीच हिमवादळात बाहेर निघून गेले होते.

येथे दया चुकीची होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दयेची वेळ चुकली, असे म्हणणे अधिक योग्य. ती खरेदीच्या वेळी सुदृढ जनावरे निवडण्यात आणि पादत्राणे बरोबर घेण्यात दिसायला हवी होती. यानंतरच्या अंधाऱ्या हिवाळ्यात ओट्स यांनी उरलेली दहा तट्टे ज्या निष्ठेने सांभाळली, ती पाहिली म्हणजे योग्य वेळची दया कशी असते ते कळते. झोपडीच्या भिंतीला लागून तबेला, सीलच्या चरबीवर पेटणारी शेगडी, खाद्यावर बारीक नजर आणि शक्य त्या दिवशी बर्फावरून फेरी, असा त्यांचा क्रम होता. दहाही तट्टे मुख्य मोहिमेस निघाली. वाटेत ती रात्री चालविली जात व दिवसा उन्हात विसावत. मुक्कामी त्यांच्यासाठी बर्फाच्या भिंती रचल्या जात. तथापि त्यांना वसंतातली थंडी सोसणार नाही म्हणून निघण्यास नोव्हेंबर उजाडला होता. आमुन्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ऑक्टोबरातच निघाले होते. कुत्र्याला घोड्यासारखा घाम येत नाही व तो मांसावर जगतो. ज्या भूमीत गवताची काडी नाही तेथे हा फरक निर्णायक ठरला. विशेष म्हणजे, नोव्हेंबर १९१२मध्ये स्कॉट यांचा तंबू ज्या शोधपथकाला सापडला, त्याच्याबरोबर हिंदुस्थानातून पाठविलेली, हिमालयात तयार केलेली खेचरे होती.

घोडा कोणाचा?

सैन्य असो वा मोहीम, तेथे घोड्याची तरतूद करणारा आणि त्याच्या मरणाची झळ सोसणारा बहुधा वेगळा असतो. मराठ्यांच्या लष्करात हा प्रश्न 'बारगीर' आणि 'शिलेदार' या दोन शब्दांत मांडलेला आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. तो मेला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला की त्याची उपजीविकाच मेली. साहजिकच शिलेदार घोड्याला अधिक जपत असे, पण त्याच कारणाने त्याला संकटात घालण्यासही कचरत असे. ब्रिटिश अमदानीतील हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघेपर्यंत चालू होती. तेथे शिपायांच्या मासिक वर्गणीतून निधी उभारून मेलेल्या घोड्याच्या जागी नवा घोडा घेतला जाई. हा परस्पर विम्याचाच एक प्रकार होता. दहा-वीस घोडे इकडेतिकडे मेले तर तो उत्तम चाले. महायुद्धात घोडे मोठ्या संख्येने एकदम मरू लागले तेव्हा ही व्यवस्था कोलमडली. सर्वांवर एकाच वेळी येणारे संकट सर्वांच्या वर्गणीतून भागत नाही.

मंगोलियातील पशुपालकांपुढे आज नेमका हाच प्रश्न आहे. तेथे घोडा हे अजूनही कामाचे जनावर आहे; कडाक्याच्या थंडीत कळप राखायचा तो बहुधा घोड्यावर बसूनच. जाणता पशुपालक सर्व घोडे एकदम कामाला जुंपत नाही. थोडे जवळ ठेवतो, बाकीचे कळपात सोडतो, आणि आळीपाळीने बदलतो. दमून आलेला घोडा अंग निवेपर्यंत बांधून ठेवतो, लगेच चरू वा पाणी पिऊ देत नाही. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात घोडा खुरांनी बर्फ उकरून गवत काढतो, आणि त्याच्या मागून मेंढ्यांनाही चारा मिळतो. परंतु काही हिवाळे या साऱ्या शहाणपणाला पुरून उरतात. त्यांना मंगोल भाषेत 'झुद' म्हणतात. खोल हिमाचा तो पांढरा झुद; बर्फाचा कडक थर जमून गवत बंदिस्त होते तो लोखंडी झुद; आणि हिमच न पडल्यामुळे जनावरांना पाणी मिळत नाही तो काळा झुद. उन्हाळा कोरडा गेला असेल तर जनावरे आधीच रोडावलेली असतात, आणि मग झुद त्यांचा फडशा पाडतो. १९९९ ते २००२ या तीन हिवाळ्यांत तेथे सुमारे एक कोटी, २००९-१०मध्ये ऐंशी लाखांहून अधिक आणि २०२३-२४मध्ये सत्तर लाखांहून अधिक पशू मेले.

समाजवादी राजवटीत तेथे पशुधन सहकारी संघांचे होते आणि आपत्तीसाठी शासनाचे चाऱ्याचे साठे असत. १९९०नंतर पशुधन खाजगी झाले. नफा ज्याचा त्याला मिळू लागला, आणि जोखीमही ज्याची त्याच्याकडे गेली. साठे, विहिरी, निवारे यांची सामुदायिक व्यवस्था मात्र मागे पडली. २००६पासून तेथे जागतिक बँकेच्या साहाय्याने एक वेगळा विमा सुरू झाला. त्यात प्रत्येकाचे मेलेले जनावर मोजले जात नाही. तालुक्यातील एकूण मृत्यूचे प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेले की सर्व विमेदारांना भरपाई मिळते. त्यामुळे ज्याने शरदात गवत कापून ठेवले व जनावरे जगविली, त्यालाही भरपाई मिळते. तयारीला शिक्षा होत नाही. लहान नुकसान पशुपालकाने सोसावे, मधले विम्याने आणि महासंकट शासनाने, अशी ही विभागणी आहे. हप्ता भरण्याची ऐपत गरीब पशुपालकाला नसेल तर तिचा उपयोग नाही, हेही खरे. आणि पैशाने मेलेला घोडा उठत नाही. १८१३चा धडा येथेही लागू आहे. तथापि जोखीम कोणी किती उचलायची हे आधी ठरविणे, ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे.

महाराष्ट्रात हिम पडत नाही. पण जनावर खाते आणि कमावत नाही असा ऋतू येथेही आहे. माथेरानच्या घोडेवाल्याला पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असते, दाणावैरण मात्र कमी होत नाही. दुष्काळात बैलाचे तेच होते. २०१२-१३ आणि २०१८-१९च्या टंचाईत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. परंतु छावणी ही जनावर खंगू लागल्यानंतर येणारी मदत आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी गवत कापून, वाळवून, गंजी रचून ठेवण्यास गावाला साहाय्य करणे स्वस्त आहे. पण त्याचे उद्घाटन करण्यासारखा समारंभ होत नाही, म्हणून ते मागे पडते.

घोड्याला हिवाळ्यात कामावर ठेवणे म्हणजे त्याच्याकडून एक कर्ज घेणे आहे. आपली लोकर, आपली ऊब, आपले त्राण तो माणसाच्या कामासाठी खर्च करतो. गवत, पाणी, झूल, नाल आणि विश्रांती यांच्या रूपाने त्या कर्जाची फेड वेळेवर झाली तर तो वसंतात पुन्हा जूं घ्यायला उभा राहतो. ती झाली नाही तर आपल्या शरीरातून तो ती स्वतःच करतो, आणि ते शरीर संपले की उरलेली बाकी माणसाला चुकवावी लागते.